रुग्णांच्या ग्रुपमध्ये कुणीतरी तोतया आहे असा संशय आला, तर

कॅन्सर असो, डायलिसिस असो की थॅलेसेमिया, आजाराचा मराठी ग्रुप चालवणाऱ्या कुणालाही विचारा, हा प्रसंग त्यांच्यावर येऊन गेलेला असतो. एखादा जुना सदस्य रात्री खासगीत मेसेज करतो, "ताई, त्या काकूंचं काहीतरी जुळत नाहीये हो. मागे म्हणाल्या मुलगा पुण्याला ॲडमिट आहे, आज म्हणतात दोन महिने मुंबईतच आहोत." पुढे बहुतेक ठिकाणी दोनपैकी एक होतं. ॲडमिन 'जाऊ दे, उगाच कशाला' म्हणून गप्प बसतात आणि नंतर कळतं की चार-पाच जणांनी पैसे पाठवले होते. नाहीतर कुणीतरी तापट सदस्य भर ग्रुपमध्ये "खोटं बोलताय तुम्ही, रिपोर्ट टाका" असं लिहून मोकळा होतो. मग तट पडतात, दोन दिवस भांडणं चालतात आणि ज्यांच्या घरी खरंच रुग्ण आहे ती माणसं न बोलता ग्रुप सोडून जातात.

मी कॅन्सर रुग्णांच्या नातेवाइकांच्या ग्रुपचं काम बघते. इतर ॲडमिन हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय. सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते: माणूस खरा की खोटा, हे शोधायच्या मागे लागू नका. तो जे मागतोय ते तपासा. आपण पोलीस नाही, आपल्याला कुणाची ओळख सिद्ध करता येत नाही, आणि ती सिद्ध करायच्या नादातच बहुतेक ग्रुप फुटतात. मागणी मात्र एका दिवसात तपासता येते.

त्याच दिवशी करायचं काम

संशय आला की पहिल्यांदा पैशांची वाट बंद करा. त्याआधी फक्त एक गोष्ट: त्या व्यक्तीचे मेसेज जपून ठेवा. व्हॉट्सॲपमध्ये 'एक्सपोर्ट चॅट' करा, क्यूआर कोडचे आणि खाते क्रमांकाचे स्क्रीनशॉट घ्या, त्यात नंबर, तारीख, वेळ दिसू द्या. त्यानंतरच क्यूआर कोडचे मेसेज ॲडमिन म्हणून सगळ्यांसाठी डिलीट करा. हा क्रम उलटा झाला तर पुढे हातात काहीच उरत नाही.

मग ग्रुपवर सगळ्यांसाठी एक सूचना टाका. कुणाचंही नाव नको, सूचक वाक्यं नकोत. आमची सूचना अशी असते:

"नमस्कार मंडळी. यापुढे ग्रुपमध्ये कुणाचाही वैयक्तिक यूपीआय आयडी, क्यूआर कोड किंवा खाते क्रमांक टाकू नये. ज्यांना आर्थिक मदत हवी आहे त्यांनी ॲडमिनशी बोलावं. खात्री झाल्यावर पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यात भरायची व्यवस्था करू. खासगीत कुणी पैसे मागितले तर पाठवण्याआधी आम्हाला कळवा. हा नियम सगळ्यांना सारखा आहे."

शेवटून दुसरं वाक्य फार कामाचं आहे. फसवणारा माणूस ग्रुपमध्ये क्वचितच पैसे मागतो. ग्रुपमध्ये तो रडतो, आणि जो सदस्य जास्त हळहळला त्याच्या इनबॉक्समध्ये जातो. ही सूचना टाकली की संध्याकाळपर्यंत दोन-तीन जण स्वतःहून सांगतात, "ताई, मलाही विचारलं होतं."

कशावरून संशय घ्यायचा आणि कशावरून घ्यायचा नाही

इथे थोडं थांबून लिहिते, कारण सगळ्यात जास्त अन्याय इथेच होतो.

डीपी नाही, नाव खोटं वाटतं, एकाच नंबरवरून कधी बाई बोलते कधी पुरुष, तारखा जुळत नाहीत, व्हिडिओ कॉलला नकार. या पाचही गोष्टी फसवणुकीची खूण म्हणून पुढे केल्या जातात, आणि आपल्या घरांमध्ये या पाचही अगदी सरळ असतात. आईला स्तनाचा कॅन्सर आहे हे चुलत्यांनाही माहीत नसतं, म्हणून मुलगी टोपणनावाने येते. गावाकडे घरात एकच स्मार्टफोन असतो, सकाळी सून लिहिते आणि रात्री नवरा. मुलीचं लग्न व्हायचं आहे म्हणून आजाराचं नाव बाहेर काढायचं नसतं. खुद्द रुग्णालाच निदान सांगितलेलं नसतं, मग तो शेजारच्या खाटेवर असताना व्हिडिओ कॉल कसा घेणार? आणि तिसऱ्या-चौथ्या केमोपर्यंत आलेल्या माणसाला कुठली तारीख कुठल्या हॉस्पिटलची, हे आठवत नाही. नाव लपवणं हा गुन्हा नाही. कुठल्याही ॲडमिनने नावावरून कुणाला धारेवर धरू नये असं मला अगदी मनापासून वाटतं.

मग खूण कुठली? अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ मार्क फेल्डमन यांनी २००० साली या प्रकाराला 'मंचाउसेन बाय इंटरनेट' असं नाव दिलं. आजारी नसताना आजाराची गोष्ट रचून ऑनलाइन सहानुभूती मिळवायची, असा तो प्रकार. त्यांनी नोंदवलेल्या खुणा मला आजही सगळ्यात उपयोगी वाटतात. आजाराचं वर्णन पुस्तकातून किंवा वेबसाइटवरून जसंच्या तसं उतरवलेलं असतं. आज मरणाच्या दारात आणि परवा ठणठणीत, असं वारंवार होतं. दुसऱ्या सदस्याकडे सगळ्यांचं लक्ष गेलं की नेमकं त्याच दिवशी यांच्या घरी नवीन संकट येतं. प्रसंग भयंकर असतो आणि सांगणारा मात्र विचित्र निवांत असतो. आणि 'मी तिचा भाऊ बोलतोय' म्हणून नवीन माणूस येतो, पण लिहायची ढब तीच असते.

ही शेवटची खूण मराठीत जरा जपून वापरावी लागते. दोघंही 'आणी' लिहितात, 'पन' लिहितात, हा पुरावा नव्हे, तसं लाखो लोक लिहितात. स्वल्पविरामाच्या आधी जागा सोडणं, प्रत्येक वाक्यानंतर दोनच टिंबं देणं, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिताना एखाद्या शब्दाचं नेहमी तेच चमत्कारिक स्पेलिंग, अशा तीन-चार सवयी एकत्र जुळल्या तर लक्ष द्या.

२००१ सालचं 'केसी निकोल' प्रकरण या बाबतीत पाहण्यासारखं आहे. रक्ताचा कॅन्सर झालेली एकोणीस वर्षांची अमेरिकन मुलगी इंटरनेटवर आपली रोजनिशी लिहायची. मे महिन्यात ती गेल्याचं जाहीर झालं आणि तिला कधीही प्रत्यक्ष न भेटलेले असंख्य लोक हादरले. फुलं पाठवायला पत्ता मागितला तर मिळेना, अंत्यविधी कुठे ते कळेना, वर्तमानपत्रात निधनवार्ता सापडेना. अखेर कॅन्सस राज्यातल्या एका महिलेने, त्या मुलीची आई म्हणून लिहिणाऱ्या बाईनेच, मुलगी काल्पनिक असल्याचं मान्य केलं. लोकांना तिच्या लेखनात काही सापडलं नव्हतं. खऱ्या माणसाला अगदी सहज देता आली असती अशी साधी गोष्ट मागितली, आणि ती मिळाली नाही. आपली तपासणीही तशीच असायला हवी: खऱ्या कुटुंबाला एका दिवसात जमेल असंच काहीतरी मागायचं.

तपासणी

पैशांची मागणी असेल तर कागदांपासून सुरुवात करा, पण कागदांवर थांबू नका. केसपेपर, एस्टिमेट, डिस्चार्ज समरी या सगळ्यांचे फोटो इंटरनेटवर फिरत असतात, आणि खऱ्या रुग्णाचं आवाहन उचलून फक्त क्यूआर कोड बदलणारे लोक आहेत.

आमच्याकडे आलेलं एक एस्टिमेट मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. लेटरहेड व्यवस्थित, गोल शिक्का व्यवस्थित. पण रुग्णाच्या नावाची ओळ इतर मजकुरापेक्षा किंचित जाड टायपात होती आणि तेवढ्याच पट्टीत मागचा कागद पांढराफटक दिसत होता, बाकी पान मोबाइलच्या उजेडात पिवळट. रक्कम लिहिली होती ३५०,०००. आपल्याकडच्या हॉस्पिटलच्या बिलावर ती ३,५०,००० अशी येते. एवढ्यावरून कुणाला खोटं ठरवता येत नाही. कॉम्प्युटरची सेटिंग वेगळी असू शकते, फोटोवर प्रकाश वेगळा पडू शकतो. म्हणून आम्ही कागदाबद्दल त्यांना एक शब्द विचारला नाही. इतकंच म्हटलं, "हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागातल्या मॅडमना आमच्याशी एकदा बोलायला सांगा, म्हणजे पुढची सोय लवकर होईल." त्या दिवसापासून तो नंबर बंद आहे.

हाच मार्ग मी सगळ्यांना सुचवते. सरकारी, महापालिकेच्या आणि धर्मादाय हॉस्पिटलांत वैद्यकीय समाजसेवक असतात. रुग्णाची माहिती ते परक्या माणसाला देत नाहीत, आणि देऊही नये. म्हणून फोन आपण करून उपयोग नाही. कुटुंबाने संमती द्यायची आणि समाजसेवकांशी आपलं बोलणं करून द्यायचं. हॉस्पिटलचा नंबर मात्र एस्टिमेटवरून घेऊ नका, हॉस्पिटलच्या वेबसाइटवरून घ्या आणि टेलिफोन बोर्डामार्फत त्या विभागाशी जोडून घ्या.

यात खऱ्या गरजूचा दुहेरी फायदा होतो. महाराष्ट्रात धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के आर्थिक दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. समाजसेवकांकडे गेलेल्या कुटुंबाला अनेकदा आपल्या वर्गणीपेक्षा मोठी मदत तिथेच मिळते. म्हणून हे विचारताना संकोच करू नका. ही चौकशी नसून मदत आहे, आणि बोलताना आवाजात तेच येऊ द्या.

पैसे कुणाच्या खात्यात भरायचेच झाले तर यूपीआय ॲप पैसे जाण्याआधी बँकेतलं नाव दाखवतं, ते वाचा. काकाचं किंवा जावयाचं नाव असणं साहजिक आहे. एखाद्या दुकानाचं नाव आलं तर विचारा.

फोटोचा संशय असेल तर गुगल लेन्समध्ये टाकून बघा, आधी पूर्ण फोटो, मग नुसता चेहरा कापून. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून आलेल्या चित्रातून तो कधी, कुठे काढला ही माहिती निघून गेलेली असते, त्यामुळे ती शोधत बसू नका. आणि फोटो दुसऱ्याचा निघाला तर तो 'हा बघा फसवणारा' म्हणून कुठेही फिरवू नका. २०११ मध्ये दमास्कसमधली तरुणी म्हणून ब्लॉग लिहिणाऱ्या 'अमिना'चं अपहरण झाल्याची बातमी जगभर गेली, तिच्या सुटकेसाठी मोहिमा सुरू झाल्या. लिहिणारा निघाला स्कॉटलंडमध्ये शिकणारा चाळीस वर्षांचा अमेरिकन पुरुष. आणि छापून आलेला चेहरा होता लंडनमध्ये राहणाऱ्या, या सगळ्याशी काडीचा संबंध नसलेल्या एका बाईचा. फोटोतली व्यक्ती बहुतेक वेळा अशीच दुसरी बळी असते.

कुणी 'मी डॉक्टर आहे' म्हणून औषधं सांगत असेल तर पैशांइतकीच घाई इथेही करा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा, तो ऑनलाइन पडताळता येतो. तरीही क्रमांक खरा म्हणजे लिहिणारा तोच, असं होत नाही, म्हणून त्यांच्या क्लिनिकच्या नंबरवर फोन करा. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे ग्रुपमध्ये औषधाचा डोस कुणीच सांगायचा नाही, खऱ्या डॉक्टरांनीही नाही, हा नियम. तो असला की पदवी खरी की खोटी हा वादच उरत नाही.

प्रत्यक्ष बोलताना

दोन ॲडमिन मिळून बोला, त्यात एक बाई असू द्या. मेसेजवर नको, फोनवर. सुरुवात तब्येतीच्या चौकशीने करा, कारण अजून ती व्यक्ती खरी असण्याची शक्यता तुमच्यासमोर आहे.

"नमस्कार काकू, मी ग्रुपची ॲडमिन बोलतेय. आता कसं आहे बाळाचं? … काकू, मदतीसाठी आम्ही सगळ्यांकडूनच हॉस्पिटलची खात्री करून घेतो. तुमच्या वॉर्डातल्या समाजसेवकांशी उद्यापर्यंत बोलणं करून द्याल का? काही अडचण असेल तर मला मोकळेपणाने सांगा."

एवढंच. 'खोटं', 'पुरावा', 'सदस्य म्हणतायत' हे शब्द नकोत. आपल्याला काय काय सापडलं तेही सांगू नका. विसंगती दाखवली की खोटं बोलणारा ती दुरुस्त करून येतो आणि खरं बोलणारा दुखावतो.

खरं कुटुंब चिडलं तरी दुसऱ्या दिवशी फोन जोडून देतं, किंवा का जमत नाही ते नीट सांगतं. दुसरा माणूस विषय बदलतो, रडतो, "माणुसकी उरली नाही" म्हणतो, आणि तासाभरात ग्रुपमधले त्याचे कैवारी तुम्हाला मेसेज करू लागतात. त्यांच्यावर रागावू नका. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला तेव्हा त्यालाही माणसं मिळाली, कारण भाऊ परत यावेत असं लोकांना आतून वाटत होतं. १७७६ मध्ये त्याला देहदंड होईपर्यंत तो पुणे दरबाराला छळत राहिला. आपल्या ग्रुपमधले कैवारीही बहुधा असेच असतात, ज्यांनी स्वतःचं माणूस गमावलंय आणि या दुसऱ्याचं तरी वाचावं म्हणून जे जीव टाकतायत. त्यांना वेगळा फोन करा आणि सगळं शांतपणे सांगा.

काही वेळा समोरची व्यक्ती जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा करते. ती नाटक आहे असं कधीही गृहीत धरू नका. तपासणी तिथेच थांबवा, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या, धोका तातडीचा वाटला तर ११२ ला कळवा. पैसे न मागता नुसती आजाराची गोष्ट रचणारी माणसंही बहुतेकदा स्वतः कुठल्या तरी त्रासात असतात. अशांच्या बाबतीत मी इतकंच करते: खासगीत सांगते की हा ग्रुप तुमच्यासाठी योग्य नाही, बोलायला कुणी हवं असेल तर इथे फोन करा, आणि काढून टाकते. त्यांची गोष्ट चारचौघांत उकलून दाखवत नाही.

ग्रुपला काय सांगायचं

कमीत कमी. "एका आवाहनाची खात्री होऊ शकली नाही, म्हणून ते काढलं आहे. कुणी पैसे पाठवले असतील तर ॲडमिनशी बोला." नाव, नंबर, फोटो काहीच नको. बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, हे एक कारण. दुसरं कारण माझ्या दृष्टीने जास्त मोठं आहे. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉन स्फोटानंतर रेडिट या चर्चांच्या वेबसाइटवरच्या हौशी शोधकर्त्यांनी एका बेपत्ता भारतीय वंशाच्या विद्यार्थ्याला संशयित ठरवलं. घरचे आधीच त्याला शोधत होते, त्यात देशभरातून शिव्याशाप सुरू झाले. त्याचा स्फोटाशी काहीही संबंध नव्हता. काही दिवसांनी त्याचा मृतदेह नदीत सापडला. स्क्रीनशॉट एकदा ग्रुपबाहेर गेला की कुणालाच मागे घेता येत नाही.

पैसे गेलेच असतील तर

क्षणभरही थांबू नका. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि स्वतःच्या बँकेला कळवा. पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत तक्रार पोचली तर ते गोठवले जाण्याची शक्यता असते, म्हणून आधी तक्रार, ग्रुपमध्ये चर्चा नंतर. ज्याचे पैसे गेले त्यानेच तक्रार करावी, ॲडमिनने सोबत राहावं. दुसऱ्याचं सोंग घेऊन कॉम्प्युटर किंवा मोबाइलवरून फसवलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ड लागतं, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. न्याय संहितेचं कलम ३१९ही तोतयेगिरीसाठीच आहे. ज्या फोनवर मेसेज आले तो फॉरमॅट करू नका, विकू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र द्यावं लागतं, ते पोलीस किंवा वकील सांगतील.

ॲडमिन घाबरून तक्रार टाळतात, 'आपल्यावरच येईल' म्हणून. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत नसेल तर, केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येणार नाही असं म्हटलं आहे. मात्र आवाहन तुम्ही स्वतः पुढे पाठवलं असेल तर तेही पोलिसांना आपणहून सांगा.

संशय खोटा ठरला तर

त्या कुटुंबाला फोन करून स्पष्ट शब्दांत माफी मागा. ज्यांच्या कानावर संशय गेला होता त्या प्रत्येकाला, नावानिशी, तो खोटा ठरल्याचं कळवा. आणि मदतीचं काम त्याच दिवशी मार्गी लावा.

तोच माणूस नवीन नंबरने परत आला तर

परत येतोच, बहुतेकदा वेगळा आजार घेऊन. म्हणून ग्रुपची लिंक उघड्यावर ठेवू नका, व्हॉट्सॲपमध्ये नवीन सदस्यांना ॲडमिनची मंजुरी लागेल अशी सेटिंग चालू ठेवा. फेसबुक ग्रुपला प्रवेशाचे प्रश्न लावता येतात. आजार कुठला, तुमचं रुग्णाशी नातं काय, उपचार कुठल्या गावात चालू आहेत, इतकंच विचारा, रिपोर्ट मागू नका. शेजारच्या ग्रुपच्या ॲडमिनशी ओळख ठेवा. संशयित व्यक्तीची माहिती त्यांना पाठवायची नाही, पण "आमच्याकडे अशा पद्धतीचं आवाहन आलं होतं, क्यूआर बदललेला होता" हे सांगता येतं. नवीन सदस्याने पहिल्याच आठवड्यात पैशांचा विषय काढला तर वर दिलेली सूचना पुन्हा टाका आणि समाजसेवकांशी बोलणं करून द्यायला सांगा, अगदी पहिल्या वेळेसारखंच.